झाडूला कपाट हवे की दारामागचा कोपरा पुरे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: आमच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण सुरू होत आहे. प्रवेशाजवळच्या भिंतीत १२० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आणि २४० सेंटिमीटर उंच असा एक कोनाडा मोकळा होणार आहे. डिझायनरने तेथे संपूर्ण रुंदीची, बाहेर ओढता येणारी पॅन्ट्री, म्हणजे किराणा साठवायचे उंच कपाट, सुचवली आहे. मला मात्र त्याच कोनाड्यात झाडू, मॉप, बादली आणि व्हॅक्यूम क्लीनरसाठीही बंद कपाट हवे आहे. जोडीदाराचे म्हणणे असे, की आजवर झाडू दारामागे राहिला तसा पुढेही राहील, त्यासाठी मोक्याची जागा कशाला अडवायची? कोनाडा अर्धा-अर्धा वाटून टाकावा असे मनात येते, पण मग दोन्ही कपाटे अपुरी पडतील अशी भीती वाटते. घरात आम्ही चौघे, त्यांतले एक मूल तीन वर्षांचे. आत्ता जागाच कमी असल्यामुळे सामान सगळीकडे पसरलेले असते. एकदा सुतारकाम झाले की पुन्हा काही वर्षे काही बदलता येणार नाही, म्हणून विचारत आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील मापे वाचून बरे वाटले, कारण बहुतेक पत्रांत केवळ ‘जागा थोडी आहे’ एवढेच लिहिलेले असते. तरीही एक माप तुमच्या पत्रात नाही, आणि नेमके तेच सर्वांत आधी हवे होते. कोनाडा किती मोठा आहे हे तुम्ही लिहिले, पण त्यात जे ठेवायचे आहे ते किती लांब, किती जड आणि किती नग आहे, हे कोठेच आलेले नाही. त्यामुळेच अर्धा-अर्धा हा तोडगा तुम्हाला सुचला असावा. निम्मी वाटणी दोन माणसांच्या भांडणात न्याय्य ठरते, परंतु झाडूला आणि पिठाच्या डब्याला न्यायाशी काही देणेघेणे नसते. एकाला उंची लागते, दुसऱ्याला हाताच्या टप्प्यातली फळी लागते, आणि या दोन गरजा एकमेकींच्या फारशा आड येत नाहीत.

दुसरे म्हणजे, पसारा जागेच्या टंचाईमुळे होतो हे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे असू शकते, पण माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या आधीच्या स्वयंपाकघरात ६० सेंटिमीटर खोल फळ्यांचे भलेमोठे कपाट होते आणि त्याचा मला अभिमानही होता. घर बदलताना ते रिकामे केले, तेव्हा मागच्या रांगेतून एकाच जिनसाची तीन पाकिटे निघाली: एक फोडून रबर लावलेले, दोन न फोडलेली, आणि तिन्हींची मुदत कधीच उलटून गेलेली. जागा भरपूर होती, फक्त समोरच्या बरण्यांच्या आड काय आहे ते दिसत नव्हते. आणि जे दिसत नाही ते माणूस पुन्हा विकत आणतो. तेव्हा नवे कपाट आखण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस काढून, साठवणीचे आणि सफाईचे सगळे सामान जमिनीवर मांडून पाहा, असे मी तुम्हाला आग्रहाने सुचवेन. मुदत उलटलेले आणि तुटलेले बाजूला काढा, आणि उरलेल्यांपैकी सर्वांत उंच, सर्वांत रुंद आणि सर्वांत जड वस्तूंची मापे एका कागदावर लिहा. कामे रखडवणारा हा उद्योग कंटाळवाणा आहे, मला मान्य आहे. पण सुताराला द्यायची खरी मापे त्याच कागदावर असतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. पॅन्ट्री आणि झाडूचे कपाट यांना आपण एकाच जातीचे समजतो, कारण बाहेरून दोन्ही उंच आणि दारे असलेली दिसतात. आतून मात्र त्यांचे स्वभाव उलटे असतात. पॅन्ट्रीला कोरडेपणा, अंधार आणि शक्य तितका गारवा हवा असतो. तेल उजेडाने आणि उष्णतेने खवट होते, मसाल्यांचा वास उडून जातो. झाडूच्या कपाटात याउलट रोज ओलसर वस्तू परत येते, त्यामुळे त्याला खेळती हवा लागते. पॅन्ट्रीत आडव्या फळ्या जितक्या नेमक्या अंतरावर तितके चांगले, तर झाडूच्या कपाटात फळी जितकी कमी तितकी सोय अधिक. म्हणून दोन्ही एकाच कोनाड्यात बसवायला हरकत नाही, मात्र त्यांच्यामध्ये तळापासून वरपर्यंत सलग, मागे फट न राहिलेली उभी पाटी हवी. केवळ एक अर्धवट उभी फळी घालून ‘इकडे धान्य, तिकडे झाडू’ असे केले, तर धूळ आणि दमट वास मागच्या फटीतून पलीकडे जाणारच.

झाडूच्या कपाटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पॅन्ट्रीच्या आकर्षक मांडण्या कोणीही दाखवतो, पण झाडूच्या कपाटाचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी, उरलेल्या प्लायवुडात होतो. लांब दांड्याचा झाडू किंवा मॉप साधारण १२० ते १५० सेंटिमीटर असतो. तो टांगायचा तर वर आकड्याची आणि काढता-घालताना दांडा वर उचलण्याची जागा धरून १६५ ते १७० सेंटिमीटर उंची सलग मोकळी ठेवावी. टांगायचाच, टेकवायचा नाही. झाडू आपल्याच वजनाने टेकून उभा राहिला की काही महिन्यांत त्याचे केस एका बाजूला वळतात, आणि मग तो कोपऱ्यातला केर काढण्याऐवजी कोपऱ्यावरून नुसता सरकत जातो. दांडा पकडणाऱ्या चिमट्यासारख्या क्लिपा कपाटाच्या मागच्या पाटीवर न लावता बाजूच्या पाटीवर, दाराजवळ, हाताच्या टप्प्यात लावाव्यात; ६० सेंटिमीटर खोल कपाटात मागे टांगलेली वस्तू काढायची तर आधी पुढची बादली बाहेर काढावी लागते, आणि रोज बादली काढावी लागली की झाडू आठवड्याभरात पुन्हा दारामागे जातो.

मॉपचे प्रकरण याहून नाजूक आहे. पिळलेला मॉप हाताला कोरडा वाटतो, पण त्याच्या धाग्यांच्या मुळाशी, जेथे ते पट्टीत शिवलेले असतात, ओल टिकून राहते. तो रात्रभर बंद कपाटात ठेवला आणि सकाळी दार उघडले की जो आंबूस भपका येतो, त्याने नव्या कपाटाचा सगळा आनंद मावळतो. यावर सुगंधी वड्या टाकणे हा उपाय नव्हे. दाराच्या तळाशी आणि माथ्याशी, दोन्हीकडे, जाळी किंवा तिरप्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे हवा खालून शिरून वरून बाहेर पडेल. एकाच ठिकाणी भोके पाडून हे काम नीट होत नाही. मॉपचे डोके पाटीला चिकटणार नाही इतके पुढे टांगावे आणि खाली काढून धुता येईल असे पसरट तबक ठेवावे. मॉप शक्यतो बाहेर वाळवूनच आत ठेवावा, हे सांगायला नकोच.

आणि तळाविषयी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. ओट्याखालच्या कपाटांना तळाशी सुमारे १० सेंटिमीटरची पट्टी असते, त्याच ओळीत दिसावे म्हणून सुताराने माझ्या झाडूच्या कपाटालाही तशीच पट्टी व तळफळी दिली. दिसायला सगळे एका रेषेत आले, पण चाकांचा व्हॅक्यूम क्लीनर प्रत्येक वेळी उचलून आत ठेवावा लागू लागला, आणि बादलीतून सांडलेले पाणी तळफळीच्या कडेत मुरून महिन्याभरात लॅमिनेट फुगले. म्हणून झाडूच्या भागाला तळफळी देऊच नये. बाहेरची फरशी तशीच आत न्यावी आणि बाजूच्या पाट्यांच्या खालच्या कडा पाण्यापासून नीट बंद करून घ्याव्यात. वस्तू सरळ ढकलता यावी, कपाट पुसता यावे. बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर असेल किंवा पुढे घ्यायचा विचार असेल, तर चार्जिंगसाठी आत एक सॉकेट आत्ताच काढून घ्या, आणि तो ओल्या मॉपच्या बाजूला नव्हे तर समोरच्या पाटीवर, कमरेच्या उंचीला. भिंती फोडलेल्या असतानाच हे काम सोपे असते.

पॅन्ट्रीकडे येतो. तुमच्या डिझायनरची सूचना मी सरसकट मोडीत काढणार नाही. बाहेर ओढता येणाऱ्या पॅन्ट्रीचा मोठा गुण असा, की मागच्या रांगेतले सामान दोन्ही बाजूंनी दिसते. पण ती सोय अरुंद, म्हणजे साधारण ३० ते ४० सेंटिमीटर रुंदीच्या कपाटात खुलते. पूर्ण उंचीचा सांगाडा एका बरणीसाठी ओढायचा म्हणजे त्यातले सगळेच वजन दर वेळी ओढायचे असते. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोंच्या वर जातो, दहा किलो धान्याला बारा-तेरा लिटरांचा डबा लागतो. अशा चार-सहा वस्तू आणि त्यावर बरण्यांच्या रांगा धरल्या, तर चॅनेलवर, म्हणजे सांगाडा ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांवर, किती भार येतो याचा हिशेब तुम्हीच करू शकाल. चॅनेलची क्षमता उत्पादक लिहून देतो. ती पाहून, आणि सांगाड्याचे स्वतःचे वजन त्यात धरले आहे की नाही हे विचारूनच होकार द्या. शिवाय ओढलेला सांगाडा प्रवेशाच्या वाटेत येणार. तीन वर्षांचे मूल धावत येते तेव्हा तो नेमका उघडा असतो, असा माझा तरी तर्क आहे.

माझी पसंती मिश्र रचनेला आहे. खाली, साधारण छातीच्या उंचीपर्यंत, दाराआड पूर्ण बाहेर येणारे खण किंवा ट्रॉल्या द्याव्यात. जड डबे, तेल आणि मोठ्या पिशव्या तेथे वरून दिसतात आणि वाकून मागे हात घालावा लागत नाही. त्यावर खणांऐवजी फळ्या, पण पूर्ण ६० सेंटिमीटर खोल नव्हे. मागून भिंतीला टेकलेल्या ४० सेंटिमीटरच्या फळ्या केल्या, तर पुढे उरलेल्या जागेत दाराच्या आतल्या बाजूला १० ते १२ सेंटिमीटर खोलीचे, छोट्या बरण्यांसाठीचे अरुंद रॅक बसते आणि दार लावताना फळीला अडत नाही. फळ्यांमधले अंतर तुमच्या बरणीची उंची अधिक चार-पाच सेंटिमीटर एवढेच ठेवा. जास्त ठेवले की बरणीवर बरणी चढते आणि खालची कोणी काढत नाही. बाजूच्या पाट्यांना छिद्रांची रांग पाडून घेतली, तर फळ्या नंतरही वरखाली हलवता येतात, कारण आज असलेल्या बरण्या दहा वर्षे त्याच आकाराच्या राहतील याची खात्री कोण देणार?

फळीच्या रुंदीबाबत सुतार अनेकदा ‘चालेल हो’ म्हणतो. त्याला नम्रपणे थांबवावे. सारख्याच दाटीने भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा मध्यावरचा बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. १८ मिलिमीटरची फळी ६० ते ७० सेंटिमीटर रुंदीपर्यंत बरण्यांचा भार बऱ्यापैकी सोसते. त्याहून लांब करायची तर मध्ये उभा आधार किंवा पुढच्या कडेखाली लाकडाची उभी पट्टी हवीच. तुमच्या डिझायनरच्या पूर्ण रुंदीच्या कल्पनेतील फळ्यांना म्हणूनच माझा आक्षेप आहे.

आणखी एक बारीक पण त्रासदायक बाब. दाराआड खण असतील, तर दार नव्वद अंशांत उघडले तरी साध्या बिजागरीमुळे त्याचा पल्ला थोडा आत उरतो आणि खण त्याला घासतो. दारे अधिक उघडणाऱ्या बिजागऱ्या घेणे, नाहीतर खण दोन्ही बाजूंनी थोडे अरुंद करणे, यांपैकी एक ठरवावे लागते. कोनाड्यालगत काटकोनात भिंत असेल, तर मूठ भिंतीला आपटून दार पूर्ण उघडणारच नाही. तेथे दुसरा मार्गच घ्यावा लागेल. हे नकाशावर दिसत नाही, कपाट बसल्यावर पहिल्याच दिवशी दिसते.

या निमित्ताने एक जुने उदाहरण आठवते. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आजच्या कित्येक घरांतल्यापेक्षा लहान होते. त्यात कोरड्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण ओळीने बसवलेले होते. प्रत्येकाला मूठ आणि ओतायला चोच, आणि पुढे जिनसाचे नाव. इस्त्रीची फळीही भिंतीला दुमडून ठेवलेली. काम करताना पावले कोठे पडतात आणि हात कोठे जातो हे आधी पाहून मगच खण ठरवले होते, म्हणून ते मला आवडते. नावे मात्र कायमची लिहून ठेवणे मला पटत नाही. कागदाची चिठ्ठी पुरे.

तुमच्या जोडीदाराचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वाटतो तितका चुकीचा नाही. झाडू स्वयंपाकघरातच राहावा असा काही नियम नाही. सफाईचे सामान घरभर फिरते, तर पॅन्ट्रीतले सामान ओट्यापाशीच लागते. म्हणून दोहोंपैकी एकालाच हलवायचे असेल, तर झाडूने हलावे हे तर्काला धरून आहे. मार्गिकेत किंवा एखाद्या दाराआड १५ ते २० सेंटिमीटर खोलीचे उथळ कपाट मिळाले, तरी झाडू, मॉप आणि सुपली सुखाने टांगून राहतात. फ्रिजच्या बाजूला उरलेली अरुंद फटही चालते. मात्र फ्रिजच्या उत्पादकाने हवेसाठी सोडायला सांगितलेली जागा त्यात खाऊ नये. पण दारामागे झाडू टेकवणे याला मी कपाटाचा पर्याय मानत नाही. दार उघडले की तो घसरतो, दारामागची भिंत काळी पडते, आणि बादली व व्हॅक्यूम क्लीनर यांचा प्रश्न तसाच राहतो. आपल्या घरी झाडू रोज कितीदा पडतो हे त्यांनी दोन दिवस मोजावे, अशी माझी त्यांना प्रेमळ विनंती आहे.

मार्गिकेत उथळ जागा नसेल, तर कोनाड्याची वाटणी अशी करता येईल. १२० सेंटिमीटरांतून भिंतीच्या वाकडेपणासाठी दोन्ही बाजूंचे मिळून दोन-अडीच सेंटिमीटर सोडले आणि तीन उभ्या पाट्यांची जाडी वजा केली, तर आत सुमारे ११२ सेंटिमीटर उरतात. त्यांतील ४२ झाडूला आणि ७० पॅन्ट्रीला द्यावेत. झाडूचा भाग प्रवेशाकडील बाजूला असावा, म्हणजे बादली हातात घेऊन कोणी स्वयंपाकघर ओलांडणार नाही. पॅन्ट्रीचा भाग ओट्याकडे. पॅन्ट्रीला एक रुंद पल्ला न करता दोन अरुंद करा, उघडताना वाट कमी अडते आणि रॅकचे वजनही विभागते. पॅन्ट्रीला लागून ओव्हन किंवा डिशवॉशर येत असेल, तर तो नकाशा आत्ताच बदला.

सफाईची द्रावणे हा स्वतंत्र विषय आहे आणि तुमच्या घरात लहान मूल असल्यामुळे त्यावर तडजोड नको. झाडूच्या कपाटात मोकळ्या उंचीच्या वर एक कुलूपबंद खण करून ती तेथे ठेवावीत. ओट्याखाली नव्हे, आणि पॅन्ट्रीत अन्नाच्या वर तर कधीच नव्हे. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि आम्लयुक्त शौचालय-द्रावण यांच्या बाटल्या वेगवेगळ्या तबकांत उभ्या ठेवाव्यात, कारण दोन्ही सांडून एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनियाचेही असेच विषारी वायूत रूपांतर होते. द्रावण मूळ बाटलीतून पेयाच्या बाटलीत कधी ओतू नका. चढून काढायला लागते म्हणून कंटाळा येईल, पण मुलालाही चढूनच यावे लागते, आणि मुले चढतात. म्हणून केवळ उंची पुरेशी नाही, कुलूप हवे.

ज्यांच्या घरी असा कोनाडाच नाही किंवा जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांनीही मोजमापाचा कागद करावा. त्यांना कपाटाऐवजी बाजूच्या भिंतीवर क्लिपांची एक पट्टी, आणि असलेल्या खोल फळ्यांत पुढे ओढता येतील अशा लांबट टोपल्या, एवढ्याने बरेच साधते.

तुम्ही सुताराला होकार देण्यापूर्वी कोनाड्यापुढच्या जमिनीवर रंगकामाची चिकटपट्टी लावून उघड्या दारांचे आणि बाहेर आलेल्या खणांचे आकार काढा, भिंतीवर फळ्यांच्या उंचीच्या रेघा मारा, आणि झाडू खरोखर तेथे लटकवून आठवडाभर राहा. जोडीदारालाही त्या आठवड्यात केर काढू द्या. चिकटपट्टीच्या रेषेत पाय किती वेळा जातो आणि कोणती रेघ हाताला उंच पडते हे तुमचे तुम्हालाच दिसेल. ते आकडे मघाच्या कागदावर चढवा आणि मग तो कागद सुताराच्या हाती द्या.